चाळिशीत नर्सिंग : पंधरा महिन्यांची पदवी खरोखर किती महिन्यांची?

कोयनाकाठ (९ ऑगस्ट २०२५, रात्री ९.४०)

नमस्कार. मी न्यू जर्सीत राहते, वय ३९. पुण्यात इलेक्ट्रॉनिक्समध्ये बी.ई. केल्यानंतर तेरा वर्षे सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये काम केले. गेल्या मार्चमध्ये आमचा संपूर्ण गट एकाच सकाळी कमी करण्यात आला. तेव्हापासून अर्ज करते आहे, दोन ठिकाणी शेवटच्या फेरीपर्यंतही पोहोचले, परंतु त्या मुलाखतींना जाताना माझा पाय जड होतो हे मला आता स्वतःशी कबूल करावे लागते आहे.

नर्सिंगचा विचार अचानक आलेला नाही. दोन वर्षांपूर्वी सासऱ्यांची येथे बायपास झाली. अकरा दिवस मी त्यांच्या खोलीत बसून होते आणि डॉक्टर दिवसातून पाच मिनिटे येत असताना बाकीचा संपूर्ण दिवस नर्स कसा सांभाळते हे पाहत होते. शिवाय माझी आई कराडजवळच्या एका उपकेंद्रात एएनएम होती. लसींचा डबा खांद्याला लावून वाड्यावस्त्यांवर पायी जाणारी 'नर्सबाई' मी लहानपणापासून पाहिली आहे. गंमत म्हणजे या बेताला सर्वांत ठाम विरोध तिचाच आहे.

दुसऱ्या विषयात पदवी असलेल्यांसाठी येथे अ‍ॅक्सिलरेटेड बीएसएन (नर्सिंगची जलद पदवी) असते आणि ती पंधरा-सोळा महिन्यांत पूर्ण होते, एवढे मला समजले आहे. माझी अडचण अशी की बारावीला मी जीवशास्त्राऐवजी बायफोकलचे इलेक्ट्रॉनिक्स घेतले होते, त्यामुळे दहावीनंतर मी जीवशास्त्राचे एकही पुस्तक उघडलेले नाही. ग्रीन कार्ड आहे. मुले बारा आणि आठ वर्षांची आहेत. ज्यांनी हा मार्ग प्रत्यक्ष चालून पाहिला आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावे. कम्युनिटी कॉलेजचा, म्हणजे काउंटीच्या सरकारी कॉलेजचा, स्वस्त मार्ग सोडून जलद पदवीसाठी एवढे पैसे घालावेत का, हा माझा मुख्य प्रश्न आहे.

---

रात्रपाळी (१० ऑगस्ट २०२५, सकाळी ८.१५)

नुकतीच ड्यूटीवरून आले आहे, त्यामुळे वाक्ये लांबली तर सांभाळून घ्या.

मी मुंबईत बँकेत होते. येथे येऊन छत्तिसाव्या वर्षी सोळा महिन्यांची अ‍ॅक्सिलरेटेड बीएसएन केली. आता चार वर्षे हृदयरुग्णांच्या टेलिमेट्री विभागात आहे. सर्वांत आधी तुमच्या शीर्षकातील हिशेब करू, कारण जाहिरातीतील 'पंधरा महिने' हा आकडा शाळेचे दार उघडल्यापासून मोजलेला असतो आणि दारापर्यंतची वाट त्यात धरलेली नसते.

प्रवेशासाठी पूर्वअट म्हणून शरीररचना आणि शरीरक्रिया विज्ञानाचे दोन भाग, सूक्ष्मजीवशास्त्र, रसायनशास्त्र, संख्याशास्त्र, विकासात्मक मानसशास्त्र आणि बहुतेक ठिकाणी पोषणशास्त्र हे विषय लागतात. पहिला भाग उत्तीर्ण झाल्याशिवाय दुसऱ्याला बसता येत नाही, म्हणजे दोन सत्रे तेथेच गेली. विज्ञानाचे विषय गेल्या पाच, सात किंवा दहा वर्षांत झालेले असावेत अशी अट अनेक शाळा घालतात. त्यामुळे तुमचे बी.ई.चे रसायनशास्त्र गुणपत्रिकेत असले तरी ते चालेलच असे नाही. प्रयोगशाळेचा भाग ऑनलाइन केलेला काही शाळा मानत नाहीत, हे पैसे भरण्यापूर्वी लेखी विचारून घ्यावे. शिवाय पुणे विद्यापीठाच्या गुणपत्रिकांचे वेससारख्या, परदेशी पदव्या तपासणाऱ्या संस्थेकडून विषयवार मूल्यमापन करून घ्यावे लागते आणि विद्यापीठाकडून बंद पाकीट मिळवण्यातच माझे दोन महिने गेले होते.

आता कागदावर मांडा. या सप्टेंबरात पहिला भाग, जानेवारीत दुसरा, पुढच्या उन्हाळ्यात सूक्ष्मजीवशास्त्र आणि उरलेले विषय, २०२७च्या जानेवारीत प्रवेश, २०२८च्या वसंतात पदवी, त्यानंतर परवान्याची परीक्षा. पहिला पगार २०२८च्या उन्हाळ्यात. पंधरा महिने हे असे जवळजवळ तीन वर्षे होतात. मी तुम्हाला परावृत्त करत नाही. मात्र घरी नवऱ्यासमोर आणि स्वतःसमोर पहिल्या दिवसापासून तीन हाच आकडा ठेवा, कारण पंधरा धरून निघालेल्या घरात सोळाव्या महिन्याला भांडणे सुरू होतात.

---

हिशेबनीस (१० ऑगस्ट २०२५, दुपारी १.०५)

पैशाची बाजू मांडतो. माझ्या पत्नीने हा मार्ग घेतला तेव्हा मी सगळे तपासले होते.

तुमच्याकडे ग्रीन कार्ड आहे हा मोठाच फायदा, कारण केंद्र सरकारचे विद्यार्थी कर्ज प्रामुख्याने नागरिक आणि ग्रीन कार्डधारक यांनाच मिळते. पेल ग्रँट, म्हणजे परत न करावे लागणारे सरकारी अनुदान, मात्र मिळणार नाही. एकदा पदवी घेतलेल्याला ती नसते आणि ती पदवी भारतातील असली तरी नियम तोच. विवाहित असल्यामुळे तुम्ही स्वतंत्र विद्यार्थी ठरता. अशा विद्यार्थ्याला पदवीच्या वरच्या वर्षांसाठी वर्षाला १२,५०० डॉलरपर्यंत आणि आयुष्यात एकूण ५७,५०० डॉलरपर्यंत सरकारी कर्ज मिळते. खासगी विद्यापीठाची जलद पदवी याच्या कितीतरी पुढे जाते. आम्हाला शुल्क, पुस्तके, गणवेश आणि परीक्षा मिळून ७१ हजार डॉलर लागले. उरलेली रक्कम खासगी कर्जातून किंवा बचतीतून येते, आणि खासगी कर्जावर पुढे सरकारी सवलती लागू होत नाहीत.

नर्स कोअर ही सरकारी योजना अवश्य पाहा. तिची शिष्यवृत्ती मिळाली तर शुल्क आणि मासिक भत्ता दोन्ही मिळतात आणि त्या बदल्यात नर्सेसची टंचाई असलेल्या ठिकाणी किमान दोन वर्षे नोकरी करावी लागते. शिक्षणानंतर कर्जफेडीचा दुसरा भागही तिच्यात आहे : दोन वर्षांच्या सेवेपोटी पात्र कर्जाच्या साठ टक्के रक्कम फेडली जाते. स्पर्धा बरीच असते, म्हणून ही रक्कम गृहीत धरून घर चालवू नये.

पगाराबद्दल एक सावधगिरी. मे २०२४च्या सरकारी आकडेवारीनुसार अमेरिकेत नोंदणीकृत नर्सचे (आरएन) मध्यम वार्षिक वेतन ९३,६०० डॉलर आहे, परंतु त्यात वीस वर्षे काम केलेल्याही आल्या. नवख्या नर्सचा आकडा खाली असतो. आणि तीन वर्षे बुडालेला तुमचा जुना पगार हा या शिक्षणाचा सर्वांत मोठा खर्च आहे, तो कोणत्याही माहितीपत्रकात छापलेला नसतो.

---

मोगरा (१० ऑगस्ट २०२५, सायंकाळी ६.३०)

धागा चोरण्याचा हेतू नाही, पण मी एच-४ वर (नवऱ्याच्या एच-१बी या नोकरीच्या व्हिसावरील आश्रित म्हणून) आहे आणि मुंबई विद्यापीठाची तीन वर्षांची बी.कॉम. आहे. माझ्यासारख्यांना हा मार्ग बंदच समजायचा का?

---

रात्रपाळी (११ ऑगस्ट २०२५, सकाळी ८.५०)

मोगराताई, बंद नाही, परंतु तीन ठिकाणी कुलूप आहे.

पहिले पदवीचे. काही मूल्यमापन संस्था मान्यताप्राप्त विद्यापीठाची तीन वर्षांची पदवी येथील पदवीच्या बरोबरीची मानतात, काही मानत नाहीत, आणि शेवटचा शब्द शाळेचा असतो. म्हणून आधी शाळा ठरवा, ती कोणत्या संस्थेचा अहवाल स्वीकारते ते विचारा आणि मगच पैसे भरा.

दुसरे शुल्काचे. एच-४ वर शिकायला परवानगी आहे, परंतु सरकारी कर्ज मिळत नाही, आणि राज्यातील रहिवाशाचे कमी शुल्क लागू होईल की नाही हे राज्याराज्यावर अवलंबून असते.

तिसरे आणि सर्वांत अवघड कुलूप शेवटी आहे. परवाना मिळाला तरी नोकरीसाठी काम करण्याची परवानगी लागते आणि एच-४ला ती यजमानांची आय-१४० (मालकाने केलेली ग्रीन कार्डची याचिका) मंजूर झालेली असेल तर मिळू शकते. एफ-१ (विद्यार्थी व्हिसा) घेतलात तर पदवीनंतर बारा महिन्यांचे ओपीटी, म्हणजे शिकलेल्या विषयात काम करण्याची तात्पुरती परवानगी, मिळते. नर्सिंग विज्ञान-तंत्रज्ञानाच्या वाढीव यादीत नसल्यामुळे अभियंत्यांसारखी पुढची चोवीस महिन्यांची वाढ मिळत नाही. सामान्य वॉर्डातील नर्सच्या पदाला एच-१बी मिळणे दुर्मीळ आहे, कारण त्या कामाला पदवीच लागते असे कायद्याच्या चौकटीत दाखवता येत नाही. नर्सेस 'शेड्यूल ए'मध्ये येतात, म्हणजे ग्रीन कार्डच्या अर्जात मालकाला श्रम खात्याच्या प्रमाणपत्राची पायरी गाळता येते, पण भारतात जन्मलेल्यांची रांग त्यामुळे एका पावलानेही कमी होत नाही. त्यात व्हिसास्क्रीन, म्हणजे शिक्षण आणि परवाना तपासून व्हिसासाठी दिलेले प्रमाणपत्र, येथेच शिकलेल्या परदेशी नागरिकालाही लागते. वकिलाला विचारल्याशिवाय पहिला डॉलरही भरू नका.

---

अर्ध्यावरून (१२ ऑगस्ट २०२५, रात्री ११.२०)

मी येथे लिहावे की नाही यावर दोन दिवस विचार केला. यशस्वी झालेलेच अनुभव सांगतात, म्हणून लिहितो.

मी जलद पदवीच्या दुसऱ्या सत्रात बाहेर पडलो, म्हणजे काढला गेलो. त्यापूर्वी नऊ वर्षे मी डेटाबेसचे काम केले होते आणि पूर्वअटीच्या सर्व विषयांत अ श्रेणी होती. आमच्याकडे उत्तीर्ण होण्याची रेषा सत्याहत्तर टक्क्यांवर होती, बेरीज पुढच्या अंकात पूर्ण करत नसत आणि दोन विषयांत अनुत्तीर्ण झालेल्याला कार्यक्रमातून वगळत. औषधशास्त्रात मला ७६.६ मिळाले आणि मेडिकल-सर्जिकलमध्ये ७५.९. पस्तीस हजारांचे कर्ज शिल्लक राहिले आणि घेतलेले श्रेयांक दुसऱ्या कोणत्याही शाळेने मानले नाहीत.

चूक कोठे झाली हे मला आता दिसते. मी अभियंत्यासारखा अभ्यास केला. तत्त्व समजले की उदाहरण सुटते, अशी आपली सवय. येथे चारही पर्याय बरोबर असतात आणि त्यांतील पहिले कोणते हे विचारलेले असते. शिवाय चार वर्षांच्या अभ्यासक्रमात एखादा आठवडा बिघडला तर पुढचा असतो. येथे दर आठवड्याला परीक्षा आणि आठवड्यातील दोन दिवस बारा-बारा तासांचे क्लिनिकल, म्हणजे रुग्णालयातील प्रत्यक्ष काम. माझ्या मुलाला न्यूमोनिया झाला तो आठवडा मला पुन्हा भरून काढता आला नाही.

शाळा निवडताना सर्वजण परवाना परीक्षेच्या निकालाची टक्केवारी पाहतात. माझ्या शाळेची ती उत्तम होती. मात्र परीक्षेपर्यंत पोहोचलेल्यांचीच ती टक्केवारी असते. किती जणांनी सुरुवात केली आणि त्यांपैकी किती जणांनी ठरलेल्या मुदतीत पूर्ण केले, हा प्रश्न प्रवेश कार्यालयाला सरळ विचारा. उत्तर देताना समोरची व्यक्ती विषय बदलू लागली तर उत्तर मिळाले असे समजा. आमच्या तुकडीत अठ्ठेचाळीस होते. माझा मित्र पदवीदानाला गेला तेव्हा एकतीस खुर्च्या होत्या.

---

कोयनाकाठ (१३ ऑगस्ट २०२५, सकाळी ७.००)

हे लिहिल्याबद्दल मनापासून आभार. रात्री वाचले आणि झोप लागली नाही, पण मला याचीच गरज होती. चारही पर्याय बरोबर असतात म्हणजे नेमके काय, हे कोणी उदाहरणासह सांगू शकेल का?

---

रात्रपाळी (१४ ऑगस्ट २०२५, सकाळी ९.१०)

प्रयत्न करते. तुमच्याकडे चार रुग्ण आहेत. एकाचे काल गुडघ्याचे ऑपरेशन झाले आहे आणि तो दहापैकी आठ दुखते असे सांगून बेल वाजवतो आहे. दुसऱ्याला घरी सोडायचे आहे, कागदपत्रे झालेली नाहीत आणि नातेवाईक चिडले आहेत. तिसऱ्या मधुमेही आजींची जेवणापूर्वीची साखर २१० आहे. चौथ्या बाईंचे सकाळी थायरॉइडचे ऑपरेशन झाले, त्या शांत पडून आहेत, फक्त श्वास घेताना बारीक शिट्टीसारखा आवाज येतो असे मदतनीस सांगते. प्रथम कोणाकडे जाल?

चौघांकडेही जायचेच आहे. परंतु शांत पडलेल्या बाईंचा श्वासमार्ग सुजेने किंवा साकळलेल्या रक्ताने बंद होत असू शकतो आणि तुमच्याकडे काही मिनिटेच असू शकतात. मला कामावर शिकवणारी अनुभवी नर्स, माझी प्रीसेप्टर, म्हणायची, जो ओरडतो आहे त्याला श्वास घेता येतो आहे. टेस्टिंगमध्ये कोणता दोष आधी दुरुस्त व्हावा हे तुम्ही तेरा वर्षे ठरवलेत, तेच हे आहे. मात्र येथे सर्वांत गंभीर दोष बहुतेक वेळा तक्रार करत नाही.

परवान्याच्या परीक्षेचे, म्हणजे एनक्लेक्स-आरएनचे, स्वरूपही याच अंगाने जाते. ती संगणकावर उत्तरांनुसार अवघड-सोपी होत जाते, कमीत कमी ८५ आणि जास्तीत जास्त १५० प्रश्न असतात आणि पाच तास मिळतात. एप्रिल २०२३पासून त्यात एकाच रुग्णाची कथा सहा प्रश्नांतून उलगडणारे भाग आले आहेत. संगणक ८५व्या प्रश्नानंतर अचानक बंद झाला तर उत्तीर्ण की अनुत्तीर्ण हे तुम्हाला कळत नाही. पार्किंगमध्ये बसून मी वीस मिनिटे गाडी सुरू केली नव्हती.

---

वॉर्ड नंबर सात (१४ ऑगस्ट २०२५, रात्री ८.००, भारतीय वेळ)

मी पुण्याच्या एका सरकारी रुग्णालयातून सिस्टर इन्चार्ज म्हणून निवृत्त झाले. भाची तिकडे असल्याने हा धागा वाचते आहे.

आपल्याकडे अशी सोय नाही, हे येथे वाचणाऱ्यांसाठी सांगून ठेवते. दुसऱ्या शाखेची पदवी असली तरी बी.एस्सी. नर्सिंगच्या चार वर्षांना किंवा जीएनएम या नर्सिंग पदविकेच्या तीन वर्षांना पहिल्यापासून बसावे लागते, आणि बी.एस्सी.साठी बारावीला जीवशास्त्र लागतेच. पोस्ट बेसिक बी.एस्सी. दोन वर्षांची असते, पण ती आधीच जीएनएम झालेल्यांसाठी. त्यामुळे चाळिशीत कोणी या क्षेत्रात आलेले मी माझ्या नोकरीत पाहिले नाही.

कोयनाकाठ, तुमच्या आईंचा विरोध मला समजतो. आम्ही रात्रपाळीला एकेका सिस्टरने चाळीस-चाळीस खाटा सांभाळल्या आहेत. खाटा भरल्या की जमिनीवर गाद्या घालायच्या. त्यात सलाईन बदलणे, इंजेक्शने, नोंदी आणि नातेवाइकांच्या शिव्या. आपल्या मुलीने यातून सुटावे म्हणूनच आम्ही मुलींना इंजिनिअर केले. मीही केले. आई नाही म्हणतात तेव्हा त्यांच्या डोळ्यांपुढे कोणता वॉर्ड आहे ते एकदा विचारून पाहा.

तिकडे आंघोळ घालणे, बेडपॅन देणे हेही नर्सच करते असे भाची सांगते. आपल्याकडे ते मावशी किंवा नातेवाईक करतात. याची मनाची तयारी आधी करावी, कारण आपल्या समाजात शिकलेल्या माणसाला तेथेच अडते.

---

रात्रपाळी (१५ ऑगस्ट २०२५, सकाळी ८.३०)

सिस्टर, नमस्कार. अगदी बरोबर आहे. मदतनीस असतात, पण सहा रुग्णांमागे धावणारी ती एकच मुलगी दुसऱ्या खोलीत असेल तर तुम्हीच करायचे. आणि आंघोळ घालतानाच पाठीवरची लाल झालेली, अजून न फुटलेली जखम दिसते, ती संगणकावर दिसत नाही.

मी म्हणेन की शुल्क भरण्यापूर्वी सीएनएचा, म्हणजे नर्सच्या मदतनिसाचा, काही आठवड्यांचा अभ्यासक्रम करा आणि चार-सहा महिने आठवड्याला एखादी शिफ्ट करा. कमी पैसे, भरपूर कष्ट, पण हा वास, हा आवाज आणि ही पाठदुखी आपल्याला मानवते की नाही ते सत्तर हजार डॉलरऐवजी हजारभरात कळते.

---

हिशेबनीस (१५ ऑगस्ट २०२५, दुपारी १२.४०)

मूळ प्रश्न, म्हणजे कम्युनिटी कॉलेज की जलद पदवी, बाजूला राहिला आहे.

काउंटीच्या कॉलेजात दोन वर्षांची असोसिएट पदवी घेतली तरी परीक्षा तीच आणि परवानाही तोच. पूर्वअटीचे विषय दोन्हीकडे जवळजवळ सारखे. म्हणजे फरक सत्रांच्या दृष्टीने पाहिला तर सात-आठ महिन्यांचा आहे आणि पैशाच्या दृष्टीने कित्येक पटींचा. नोकरी लागल्यावर ऑनलाइन आरएन ते बीएसएन करता येते आणि त्याचा खर्च पुष्कळ ठिकाणी रुग्णालय अंशतः उचलते. न्यूयॉर्कमध्ये डिसेंबर २०१७च्या कायद्यानुसार नव्या नर्सला परवान्यानंतर दहा वर्षांत बीएसएन पूर्ण करावीच लागते. तेथेही आधी पदवी हवी असे कायदा म्हणत नाही.

मग आम्ही जलद पदवी का घेतली? कारण आमच्या भागातील मोठी, मॅग्नेट हे नर्सिंगच्या दर्जाचे मानांकन असलेली रुग्णालये नवख्यांच्या भरतीत बीएसएनच मागत होती आणि काउंटी कॉलेजात प्रतीक्षायादी दीड वर्षाची होती. ही यादी तुमच्या काउंटीत नसेल तर माझा हिशेब उलटा पडेल.

न्यू जर्सीवाल्यांसाठी आणखी एक. न्यू जर्सी परवान्याच्या आंतरराज्य करारात आहे, म्हणजे तेथील बहुराज्य परवान्यावर सुमारे चाळीस राज्यांत काम करता येते. न्यूयॉर्क आणि कॅलिफोर्निया त्यात नाहीत. नदीपलीकडे मॅनहॅटनमध्ये नोकरी धरायची असेल तर न्यूयॉर्कचा वेगळा परवाना काढावा लागेल.

---

टेम्सकाठचा (१५ ऑगस्ट २०२५, रात्री १०.१५, ब्रिटिश वेळ)

तुलनेसाठी एवढेच : इकडे पदवीधरांसाठी दोन वर्षांची नोंदणीपूर्व एम.एस्सी. असते. एकूण २,३०० तास प्रत्यक्ष कामाचे भरावे लागतात, आधीच्या अनुभवाचे काही तास त्यात धरले जातात. वेतन तुमच्यापेक्षा बरेच कमी आहे, त्यामुळे हेवा करू नये.

---

दोन_डबे (१६ ऑगस्ट २०२५, सकाळी ६.१०)

मी नर्स नाही, नर्सचा नवरा आहे. पत्नीने तेरा महिन्यांचा कार्यक्रम पूर्ण केला तेव्हा मुले सात आणि चार वर्षांची होती.

या चर्चेत नवऱ्याला मदत करायला सांगा असे वाक्य येईल, म्हणून आधीच सांगतो : मदत पुरत नाही. मदत करणारा माणूस विचारतो की डब्यात काय देऊ. त्या तेरा महिन्यांत तिला विचारायचेच नव्हते. शाळेचे ईमेल, दंतवैद्याच्या तारखा, वाणसामान, वाढदिवसांच्या भेटवस्तू हे सगळे माझ्या डोक्यात असणे आवश्यक होते आणि पहिले तीन महिने ते नव्हते. माझी आई सहा महिने येऊन राहिली. ती होती म्हणून जमले, परंतु 'सून रात्री बाहेर' या विषयावर तिची समजूत काढणे हेही माझेच काम होते आणि ते मी उशिरा केले.

गणपतीत तिला क्लिनिकल होते. क्लिनिकलची गैरहजेरी बहुधा एकदाच चालते आणि तीही भरून द्यावी लागते. आरती व्हिडिओ कॉलवर झाली, तीही तिने गाडीतून पाहिली.

---

अर्ध्यावरून (१६ ऑगस्ट २०२५, दुपारी २.००)

एक राहिले. कोणतीही शाळा निवडा, पण राज्याच्या नर्सिंग बोर्डाची मंजुरी आणि सीसीएनई किंवा एसीईएन या नर्सिंग शिक्षण तपासणाऱ्या संस्थांची मान्यता दोन्ही त्यांच्या संकेतस्थळांवर स्वतः तपासा, शाळेच्या माहितीपत्रकावर विसंबू नका. जानेवारी २०२३मध्ये फ्लोरिडातील 'ऑपरेशन नाइटिंगेल' प्रकरण उघड झाले, त्यात ७,६००हून अधिक बनावट पदविका विकल्या गेल्याचा आरोप होता आणि पंचवीस जणांवर खटले भरले गेले. घाई असलेल्या माणसाला कोणीतरी आणखी जलद मार्ग विकायला बसलेलेच असते.

आणि मी आता एका रुग्णालय समूहात क्लिनिकल सॉफ्टवेअर सांभाळतो. नर्सेस चार्टिंग करताना का चिडतात ते मला कळते, म्हणून त्यांनी मला घेतले. पस्तीस हजारांपैकी अकरा हजार फिटले आहेत.

---

वॉर्ड नंबर सात (१७ ऑगस्ट २०२५, सकाळी ९.३०, भारतीय वेळ)

कागदपत्रांबाबत भाचीने कळवले आहे. क्लिनिकलपूर्वी लसीकरणाच्या नोंदी, कावीळ ब, गोवर आणि कांजिण्यांच्या प्रतिपिंडांची रक्ततपासणी आणि क्षयरोगाची चाचणी मागतात. आपल्याकडे सर्वांना बीसीजी टोचलेली असते, त्यामुळे कातडीवरची क्षयचाचणी खोटी सकारात्मक येऊ शकते. पहिल्यापासून रक्ताची चाचणी करून घ्यावी, म्हणजे विनाकारण छातीचा एक्स-रे आणि धावपळ वाचते. कावीळ ब लसीचे तीन डोस सहा महिन्यांत विभागलेले असतात, म्हणून हे काम शेवटच्या महिन्यावर ठेवू नये.

---

कोयनाकाठ (४ सप्टेंबर २०२५, रात्री १०.०५)

गेल्या तीन आठवड्यांत काय झाले ते कळवते, नाहीतर धागा लोंबकळत राहील.

आमच्या काउंटी कॉलेजात शरीररचनेच्या पहिल्या भागाला सायंकाळच्या वर्गात नाव घातले. मंगळवार आणि गुरुवार, प्रयोगशाळेसह. पहिल्या दिवशी हाडांची पेटी समोर ठेवली आणि वर्गातील निम्मी मुले माझ्या मुलीपेक्षा सहा-सात वर्षांनीच मोठी होती. दोन जणी माझ्या वयाच्या आहेत, एक बेकरी चालवत असे. सीएनएचा अभ्यासक्रम ऑक्टोबरात सुरू होतो, तोही घेतला आहे. कॉलेजच्या असोसिएट पदवीची प्रतीक्षायादी एका सत्राची आहे असे समजले, त्यामुळे हिशेबनीस यांचा हिशेब माझ्या बाबतीत खरोखरच उलटा पडतो आणि सध्या माझा कल तिकडे आहे. जलद पदवीच्या दोन शाळांना किती जणांनी सुरुवात केली हा प्रश्न ईमेलने विचारला. एकीने तीन वर्षांचे आकडे पाठवले. दुसरीने माहितीसत्राला येण्याचे निमंत्रण पाठवले.

नवऱ्याला दोन_डबे यांची पोस्ट वाचायला दिली. तो काही बोलला नाही, परंतु रविवारी त्याने मुलांच्या शाळेच्या ईमेलवर स्वतःचा पत्ता नोंदवला.

आईला काल फोन केला आणि सिस्टरांनी सांगितले होते तसे विचारले की तुझ्या डोळ्यांपुढे कोणता वॉर्ड येतो. तिने उपकेंद्राबद्दल सांगितलेच नाही. प्रशिक्षणाच्या काळात सिव्हिलला एका रात्री ती बावन्न रुग्णांत एकटी होती, त्यातले दोन सकाळपर्यंत गेले आणि दुसऱ्याच्या वेळी ती पहिल्याच्या नातेवाइकांशी बोलत होती, हे तिने मला एकोणचाळीस वर्षांत प्रथमच सांगितले. मग तिने विचारले की तिकडे एका नर्सकडे किती असतात. मी म्हटले की येथे ऐकले त्यावरून साधारण पाच ते सहा, आणि कॅलिफोर्नियात तर मेडिकल-सर्जिकल वॉर्डात पाचापेक्षा जास्त देता येत नाहीत असा नियमच आहे.

बराच वेळ ती काही बोलली नाही. मग म्हणाली, "पाच? रात्रीचेही पाचच?"

---

रात्रपाळी (५ सप्टेंबर २०२५, सकाळी ८.२०)

त्यांना सांगा, काल रात्री माझ्याकडे सहा होते आणि आम्ही त्याबद्दल तक्रार लिहून दिली आहे.

हाडांच्या परीक्षेसाठी मनगटाच्या आठ हाडांपासून सुरुवात करा, सगळे तेथेच गुण घालवतात.